संजीवनीचा डाव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात खारबाव येथे दिलेले व्याख्यान)



यंदाच्या मेळाव्यात ‘धर्म आणि जीवन’ या विषयावर आपण चार शब्द बोलावेत, असे मंडळाच्या चिटणीसांनी मला कळविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी कीर्तनकार नव्हे, प्रवचनकार नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची परीक्षा दिलेला आणि पाढे व बाराखडी शिकविण्यात हयात घालविलेला मी एक प्राथमिक शिक्षक. अशा माणसाने धर्मावर काय बोलावे? पण चिटणीस म्हणाले, “गुरुजी, तुम्हांला जे ठाऊक आहे, त्यावरच बोला.” तेव्हा मी मनाशी विचार केला की, मला पक्के ठाऊक आहे असे या जगात आहे तरी काय? प्रामाणिक उत्तर एकच आले, आणि ते म्हणजे हुतूतू.

आपण हसलात, ते योग्यच झाले. परंतु माझी विनंती एवढीच की, हसून झाल्यावर थोडे ऐकावे. वयाच्या आठव्या वर्षापासून मी हा खेळ खेळलो, पुढे शाळेतील मुलांना शिकविला, आणि आता साठी उलटल्यावर गावातील पोरांचे सामने असले की गळ्यात शिट्टी अडकवून रेषेवर उभा राहतो. पोथ्या मी थोड्याच वाचल्या. पण ज्या गोष्टी पोथीत वाचून कळल्या नव्हत्या, त्यांतील एक मला या खेळाने शिकविली, आणि तीही फार उशिरा. तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या बाळपणी खारबावात मैदान नावाची निराळी वस्तू नव्हती. दिवाळी सरून भात कापून खळ्यावर आले की खाचरे मोकळी होत. मग आम्ही पोरांनी धसकटे उपटावीत, ढेकळे फोडावीत, घागरींनी पाणी आणून शिंपावे, जमीन पायांनी तुडवून सारखी करावी आणि टाचेने रेघा ओढाव्यात, की झाले मैदान! चेंडू नको, फळी नको, जाळी नको, पायांत बूटही नको. खाडीवरून येणारा वारा, उघडी अंगे आणि छातीत जेवढा मावेल तेवढा दम, एवढ्या भांडवलावर हा खेळ चाले. ज्याच्या घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, तो मुलगा आणि ज्याच्या घरी भाताच्या कणग्या भरलेल्या, तो मुलगा, या दोघांत रेघेच्या आत काडीचाही भेद नसे. समतेचा पहिला धडा आमच्या पिढीने कोणत्या सभेत घेतला नाही. तो या मातीत घेतला.

या खेळाला देशात अनेक नावे आहेत. आपल्याकडे हुतूतू, बंगालकडे हाडुडू, आंध्रात चेडुगुडू, तामिळनाडूत सडुगुडू. नावे निराळी, पण दम धरून परक्या हद्दीत जावयाचे आणि दम असतानाच आपल्या हद्दीत परतावयाचे, हे सूत्र सर्वत्र एकच. या विस्कळीत खेळाला नियमांची शिस्त लावण्याचे बरेचसे श्रेय महाराष्ट्राकडे व बडोद्याकडे जाते. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम ठरवून अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने हा आपला मातीतला खेळ तेथील लोकांना करून दाखविला. पुढे शंकरराव साळवी, ज्यांना सारा महाराष्ट्र ‘बुवा’ म्हणून ओळखतो, त्यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्या राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला पदकाचे स्थान मिळाले आणि पहिले सुवर्णपदक भारतानेच जिंकले. आज मॅटवर, विजेच्या झगझगाटात हा खेळ दूरचित्रवाणीवर दिसतो आणि आपल्या मुलीही तो मोठ्या हिरिरीने खेळतात, याचा मला अभिमान वाटतो.

पण मला आज आपल्याला सांगावयाची आहे ती गोष्ट निराळी आहे. जुन्या काळी हा खेळ तीन प्रकारांनी खेळला जाई, हे आजच्या मुलांना बहुधा ठाऊक नसेल. त्या प्रकारांची नावे होती गामिनी, अमर आणि संजीवनी.

गामिनी प्रकारात जो गडी एकदा बाद झाला, तो गेलाच. त्याच्या संघातील सारे गडी बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसावयाचे. मधे कोणी कितीही पराक्रम केला तरी त्याला आत जागा नाही. अमर प्रकार याच्या अगदी उलट. त्यात गडी बाद झाला तरी मैदानाबाहेर जात नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे, पण बाद झालेला गडी जणू काही घडलेच नाही अशा थाटात तेथेच उभा. तिसरा प्रकार संजीवनीचा. यात बाद झालेल्या गड्याला बाहेर जावेच लागे. परंतु त्याच्या संघातील कोणी प्रतिपक्षाचा गडी बाद केला की बाहेर बसलेला एक गडी उठून आत येई. आज आपण जी कबड्डी पाहतो, ती या संजीवनी प्रकारातूनच घडली आहे. तिघांपैकी दोन मागे पडले, एक टिकला.

बंधुभगिनींनो, वर्गात मी हे तीन प्रकार फळ्यावर कितीदा तरी लिहिले असतील. पण माणसांच्या मनाचेही हेच तीन प्रकार आहेत, हे मला फार पुढे उमगले.

काही घरे गामिनीच्या नियमाने चालतात. एकाची एकदा चूक झाली की तो कायमचा बाद. वीस वर्षांपूर्वी लग्नात कोणी मानपान चुकविला, कोणी साक्ष फिरविली, कोणी उसने पैसे बुडविले. त्या घराशी आजही येणे-जाणे नाही. मुलांची लग्ने होतात, नातवंडे होतात, पण चूक जुनी होत नाही. अशा घरात न्याय पुष्कळ असतो, पण माणसे हळूहळू कमी होत जातात. काही घरे अमरच्या नियमाने चालतात. तेथे चुकीला काही परिणामच नाही. मुलगा दारू पितो, सून रडते, आणि आई म्हणते, “जाऊ द्या, आपलाच आहे.” बाद झालेला गडी बाद झाल्याचे कबूल करीत नाही आणि त्याला बाहेर बसविण्याची कोणाची छाती होत नाही. अशा घरात माया पुष्कळ असते, पण त्या मायेला किंमत उरत नाही.

संजीवनीच्या नियमात या दोहोंचा मेळ आहे. चूक झाली तर बाहेर जावेच लागते. तेथे रडीचा डाव चालत नाही. पण बाहेर गेलेला गडी आपलाच असतो. त्याची जागा राखलेली असते आणि आत खेळणारा प्रत्येक जण त्याला उठविण्यासाठी झटत असतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे धर्माचा सारा अर्थ एवढ्यात आला. कर्माचे फळ भोगावे लागते, हेही खरे. आणि कृपेला वाव असतो, हेही तितकेच खरे.

आता या संजीवनीचे बारकावे पाहा. त्यांतील प्रत्येक नियमात काही बोध आहे.

पहिला नियम असा की, बाद झालेला गडी स्वतःच्या बळाने आत येऊ शकत नाही. तो कितीही चपळ असो, कितीही बलवान असो, बाहेर बसल्यावर त्याच्या बळाचा उपयोग शून्य. त्याला उठविणारा दुसराच असतो. रामायणात लक्ष्मणाला शक्ती लागली, तेव्हा तो मूर्च्छित पडला होता. संजीवनी आणावयास तो स्वतः जाऊ शकला नाही. भावासाठी शोक रामाने केला आणि पर्वत हनुमंताने आणला. ज्या मारुतीला आपण तालमीत नमस्कार करून लंगोट कसतो, त्याचे हे कार्य आपण नीट ध्यानात घेत नाही. शक्तीची देवता म्हणून त्याला पूजतो. पण त्याने आपली शक्ती पडलेल्याला उठविण्यासाठी वापरली, हे विसरतो.

दुसरा नियम क्रमाचा. जे गडी ज्या क्रमाने बाद झाले, त्याच क्रमाने ते उठतात. वशिला नाही, गर्दी नाही. आपली पाळी येईपर्यंत गुमान बसावे लागते. बाहेर बसलेल्या पोराकडे कधी लक्ष देऊन पाहा. तो मैदानात नसतो, पण त्याचा जीव मैदानातच असतो. आत खेळणाऱ्याच्या प्रत्येक पावलाबरोबर तो श्वास रोखतो. भक्ताची वाट पाहणे याहून निराळे असेल, असे मला वाटत नाही.

तिसरा नियम बोनस गुणाचा. तो मला सर्वांत मोठा वाटतो. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाई करणाऱ्याने निदानरेषा ओलांडून, तिच्याही पलीकडे एक मीटरवर असलेली बोनसरेषा नियमाप्रमाणे ओलांडली तर त्याला एक गुण मिळतो. फलकावर आकडा वाढतो, लोक टाळ्या वाजवितात. परंतु या गुणाने बाहेर बसलेला एकही गडी उठत नाही. गुण मिळतो, पण माणूस उठत नाही! नियम करणाऱ्यांनी हे कोणत्या विचाराने केले असेल ते असो. मला मात्र त्यात आपल्या आजच्या जीवनाचे चित्र दिसते. आणि हे चित्र दूरचे नाही, माझ्या स्वतःच्या घरातले आहे.

आज आपणासमोर एक कबुली द्यावयाची आहे. ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते माझे धाकटे बंधू समोरच बसले आहेत. त्यांची परवानगी मी घेतली आहे.

आम्ही दोघे गावच्या संघात एकत्र खेळत असू. मी डाव्या कोपऱ्याला आणि तो माझ्या शेजारी. आमची साखळी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. हुतूतूतील साखळी म्हणजे काय, हे येथे जमलेल्या माताभगिनींनाही ठाऊक असेल. दोन गडी एकमेकांचा हात धरून उभे राहतात आणि चढाईवर आलेला गडी आत शिरला की दोघे मिळून त्याची वाट अडवितात. या डावात एकट्याचे सामर्थ्य कामाचे नाही. हात सुटला की साखळी तुटली, आणि साखळी तुटली की समोरचा निसटला. माझा भाऊ प्रत्येक चढाईच्या वेळी माझ्या कानाशी एकच वाक्य म्हणे, “दादूस, हात सोरू नको!” आम्ही तरुणपणी खेळलेल्या सामन्यांत जिंकलो किती, हरलो किती, ते आता आठवत नाही. पण त्या हाताची पकड आठवते.

पुढे वडील वारले. रस्त्यालगतची आमची जमीन गोदामासाठी गेली. या भागात गेल्या काही वर्षांत भाताच्या खाचरांवर गोदामे कशी उभी राहिली आणि चिंचोटी ते अंजूरफाटा हा रस्ता रात्रंदिवस अवजड गाड्यांनी कसा भरून वाहतो, हे आपण सारे जाणतोच. पैसा आला. मी थोरला आणि चार बुके शिकलेला, म्हणून सातबारा, फेरफार, दस्त, बँक हे सारे माझ्या हाती. भावाने कोणताही कागद न वाचता सह्या केल्या. मी एक वही घातली. वडिलांच्या आजारपणाचा खर्च, घराच्या दुरुस्तीचा खर्च, भावाच्या मुलांच्या शाळेसाठी कधी काळी दिलेले पैसे, सारे त्यात मांडले आणि त्याच्या वाट्यातून वजा केले. त्यांतील काही रकमा खऱ्या होत्या, काही फुगविलेल्या होत्या, आणि दोन रकमा मी दोनदा धरल्या होत्या. मला ते ठाऊक होते. शिक्षकाची बेरीज अशी चुकत नसते.

भावाने वही पाहिली. तो भांडला नाही. “दादूस, तू मोजलं ते खरं,” एवढेच म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. मी नवे घर बांधले. लोक म्हणत, गुरुजींनी नाव काढले. फलकावर माझा आकडा वाढत होता. आमची आई त्या काळात दोन घरांत पाळीपाळीने राहिली. दोन्ही मुलांना एका पंगतीत जेवताना पाहावे, एवढी तिची इच्छा होती. पाचव्या वर्षी ती गेली. तिच्या तेराव्यालाही आम्ही दोघे मांडवाच्या दोन टोकांना बसलो होतो. तिच्यासाठी केलेला नैवेद्यही दोन चुलींवर शिजला.

मी या काळात देवधर्म सोडला होता, असे समजू नका. एकादशी चुकविली नाही, हरिपाठ चुकविला नाही, दरवर्षी कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला गेलो. आता विचार करतो तेव्हा वाटते, तोही सारा बोनसच होता. माझा गुण वाढत होता, उठत कोणीच नव्हते.

चार वर्षांपूर्वी माघ महिन्यात गावातील लहान मुलांचे सामने होते. पंच मी होतो. माझा नातू आणि भावाचा नातू एकाच संघात होते. आजोबांचे वैर मुलांच्या संघापर्यंत पोचत नाही, ही देवाचीच दया. माझा नातू बाद झाला आणि बाहेर जाऊन बसला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. थोड्या वेळाने प्रतिपक्षाचा एक दांडगा मुलगा चढाईवर आला. भावाच्या नातवाने त्याचा घोटा धरला. तो मुलगा ओढत मध्यरेषेपर्यंत गेला, पण याने काही सोडले नाही. गुडघे सोलवटले, तोंडात माती गेली. मी शिट्टी वाजविली. तो पोर मातीतून उठायच्या आधीच बाहेर बसलेल्या माझ्या नातवाकडे पाहून ओरडला, “ऊठ रं, ये आत!”

त्या क्षणी मी मान वर केली. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला माझा भाऊ उभा होता. तोही तेच पाहत होता. आमची नजरानजर झाली आणि मला एकाएकी कळले की, ज्याला मी नऊ वर्षे बाद समजत होतो, तो बाद नव्हताच. बाहेर बसलेला गडी मी होतो. हात मी सोडला होता.

त्याच संध्याकाळी ती वही घेऊन मी त्याच्या घरी गेलो. मैदानात मध्यरेषा ओलांडून परक्या हद्दीत जाताना मला कधी भीती वाटली नव्हती, पण त्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना माझे पाय कापत होते. भाऊ बाहेर आला. भावजय पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. मी वही पुढे केली आणि कोणत्या रकमा खोट्या आहेत ते सांगावयास सुरुवात केली, पण शब्द फुटेना. तेव्हा तो म्हणाला, “दादूस, आधी दम घे.”

बंधूंनो, दम घेणे म्हणजे विसावा घेणे, आणि दम घेणे म्हणजेच पुन्हा खेळास सिद्ध होणे. त्याने कोणत्या अर्थाने म्हटले, ते मी अजून विचारलेले नाही. मला दोन्ही अर्थांनी पोचले. रकमेचा हिशेब नंतर झाला. माझ्या निवृत्तिवेतनातून तो दोन वर्षांत फेडला. पण आत मी त्या हिशेबाने आलो नाही. मला आत घेतले ते त्याच्या नातवाच्या पकडीने आणि त्याच्या त्या तीन शब्दांनी. मात्र आईची पंगत राहिली ती राहिलीच. खेळात गडी उठतो, पण गेलेली मिनिटे घड्याळात परत भरत नाहीत. हे दुःख मी बरोबर घेऊन जाणार आहे. ते येथे सांगतो, कारण या सभेत माझ्यासारखे आणखी कोणी बसलेले असतील आणि त्यांची आई अजून जिवंत असेल.

आपल्या समाजाला साखळी नवी नाही. १९३३ ते १९३९ या काळात अलिबागजवळील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला आणि वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या. उपाशी राहिले, लाकडे विकली, पण एकाने दुसऱ्याचा हात सोडला नाही. पुढे कुळांना कायद्याचे संरक्षण मिळाले, त्यात त्या धीराचा वाटा आहे. १९८४ सालच्या जानेवारीत उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लोक उभे राहिले, तेव्हा पाच जणांनी प्राण दिले. त्या वेळी जमीन जात होती आणि माणसे एक होत होती. आज जमिनीचे मोल मिळते आहे आणि भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात उभा आहे. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या नातवंडांनी वाटणीच्या दाव्यात आयुष्य घालवावे, याहून मोठा पराभव कोणता?

तथापि मी निराश नाही. पराभवाविषयीही या खेळाचे एक सांगणे आहे. संघातील सातही गडी बाद झाले की लोण चढतो. प्रतिपक्षाला दोन गुण जादा मिळतात. पण खेळ तेथे थांबत नाही. सातही गडी एकदम उठतात आणि नव्याने उभे राहतात. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष संघाला इराणने उपान्त्य सामन्यात हरविले, आणि महिला संघाला अंतिम सामन्यात इराणनेच हरविले. त्या इराणी मुलींना शिकविणाऱ्या प्रशिक्षिका होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. विद्या दिल्याने कमी होत नाही, ती पलीकडच्या हद्दीतही उगवते, हे त्यावरून दिसते. आणि २०२३ साली हांगझोऊ येथे भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदके परत मिळविली. लोण चढल्यावर जो मान खाली घालून घरी जातो, त्याला हे परत मिळविणे दिसत नाही.

आपल्या संतांनी खेळाला तुच्छ मानले नाही. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, टिपरी, फुगडी, हमामा अशा साध्या खेळांवर रूपके योजिलेले अभंग आहेत. शेतात गुरे राखणाऱ्या पोराला कळेल अशा भाषेत त्यांना देव सांगावयाचा होता. मी तुकोबांच्या पायाची धूळही नव्हे. पण हुतूतू खेळताना एक गोष्ट मलाही दिसते. चढाई करणारा एकच शब्द अखंड उच्चारीत परक्या हद्दीत शिरतो. तो शब्द तुटला की त्याची चढाई संपली. आजच्या नियमाप्रमाणे त्याला तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याला पुढे जावयाचे असते, स्पर्श करावयाचा असतो आणि मुख्य म्हणजे परत यावयाचे असते. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती. आपणही या संसारात मोठ्या धडाडीने शिरतो. जमीन, गाडी, बंगला, मानमरातब. पण ज्या रेषेवरून निघालो तेथे परत येण्याइतका दम शिल्लक ठेवला आहे का, हे पाहत नाही. मुखातील नाम न तुटता आणि हातातील भावाचा हात न सुटता जो परत येतो, त्याची चढाई खरी.

तरुणांनो, माझे तुमच्याकडे दोन मागणे आहेत. पहिले असे की, गावात मोकळी जागा झपाट्याने कमी होत आहे. जमिनीचा व्यवहार करताना पोरांना रेघा ओढता येतील एवढा तुकडा तरी राखून ठेवा. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, यापेक्षा थोडी अधिक जागा पुरे. गोदामात माल राहतो. पण माणसाला माणसाचा हात धरावयास शिकविणारी जागा गोदामात नसते. दुसरे असे की, आज येथून घरी जाताना आपापल्या घरात कोण बाहेर बसलेला आहे, ते आठवा. कोणी भाऊ, कोणी बहीण, कोणी चुलता. त्याची चूक असेल, कदाचित तुमची असेल, माझी होती तशी. तो आपल्या बळाने उठू शकत नाही, हे ध्यानात ठेवा. त्याला हाक तुम्हीच द्यावयाची आहे. ती हाक देण्यास फार विद्वत्ता लागत नाही. अकरा वर्षांच्या पोराने, तोंडात माती असताना, ती दिली.

मी फार वेळ घेतला, क्षमा असावी. पंगतीची वेळ झाली आहे. आज आम्ही दोघे भाऊ शेजारी बसून जेवणार आहोत. आपणही कोणाच्या तरी शेजारी बसा, ज्याच्या शेजारी बरीच वर्षे बसला नाहीत. एवढे बोलून मी माझे भाषण संपवितो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!